दत्तक मुलाचे संगोपन आणि गर्भकाळातील मद्याची बाधा

(डहाणू येथे प्राथमिक शिक्षक, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर एका निवृत्त मुख्याध्यापिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज ज्या विषयावर मला बोलावयाचे आहे, त्यास आपल्या भाषेत अद्याप रूढ असे नावही नाही. मूल आईच्या पोटात असताना आईच्या पोटात दारू गेली, तर ती वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. गर्भाचे यकृत अपुऱ्या वाढीचे असल्यामुळे ते तिचा निचरा करू शकत नाही, आणि ज्या काळात मेंदूची घडण चालू असते त्याच काळात तिला धक्का बसतो. मेंदूची ही घडण पूर्ण नऊ महिने चालू असते. या बाधेतून जे विकार उद्भवतात त्यांस वैद्यकशास्त्र 'फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर' असे म्हणते. मी आपल्या सोयीसाठी 'मद्यबाधा' एवढाच शब्द वापरीन.

विषय दत्तक मुलांच्या संबंधात मांडण्याचे कारण माझ्या घरचेच आहे. आमचा मुलगा आम्ही २०११ साली दत्तक घेतला. त्या वेळी तो अकरा महिन्यांचा होता. दत्तकाचा आदेश तेव्हा न्यायालय देत असे; १ सप्टेंबर २०२२ पासून हा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आला आहे. त्याच्या कागदपत्रांत जन्माचे वजन कमी असल्याची नोंद होती, आणि आईविषयीच्या रकान्यात 'माहिती उपलब्ध नाही' एवढे तीन शब्द होते. पुढील बारा-तेरा वर्षांत त्या तीन शब्दांची किंमत आमच्या लक्षात आली.

या विकाराचा शास्त्रीय इतिहास फार जुना नाही. फ्रान्समधील नांत शहरी पॉल लेमोआन या बालरोगतज्ज्ञांनी १९६८ साली मद्यपी मातापित्यांच्या १२७ मुलांविषयी निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९७३ साली अमेरिकेतील सिएटल येथे केनेथ जोन्स व डेव्हिड स्मिथ या डॉक्टरांनी त्यास नाव दिले, आणि मग जगभर अभ्यास सुरू झाला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अंदाजानुसार जगातील दर हजार मुलांमागे सुमारे आठ मुलांना ही बाधा असते. त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखविली आहे: गरोदरपणात मद्य घेणाऱ्या सुमारे तेरा स्त्रियांपैकी एकीचे मूल बाधित जन्मते. म्हणजे आई प्यायली म्हणून मूल बाधित असेलच असे नाही. तथापि कोणाचे मूल त्यातून सुटेल हे आधी सांगता येत नाही, आणि मद्याचे अमुक प्रमाण सुरक्षित आहे असेही शास्त्र म्हणत नाही.

दत्तक मुलांचा प्रश्न इतरत्रही पुढे आलेला आहे. पूर्व युरोपातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या ७१ मुलांची तेथील डॉक्टरांनी तपासणी केली, तेव्हा निम्म्याहून किंचित अधिक मुलांत मद्यबाधा आढळली. हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लागू करावयाचा नाही. तेथील अनाथालये आणि तेथील मद्यपान यांची परिस्थिती वेगळी होती. सांगावयाचे एवढेच की, आईबापांनी मूल मांडीवर घेतले तेव्हा त्यांपैकी पुष्कळांच्या कागदावर यातले काहीही नव्हते.

आता हे ओळखावे कसे? तीन चेहऱ्याच्या खुणा सांगतात: नाक आणि वरचा ओठ यांच्यामधील पन्हळ सपाट असणे, वरचा ओठ पातळ असणे, आणि डोळ्यांची फट लहान असणे. परंतु चेहऱ्याची ही ठेवण गर्भाच्या अगदी आरंभीच्या आठवड्यांत ठरते. त्या मोजक्या दिवसांत मद्य पोहोचले नाही, तर पुढे मेंदूला इजा होऊनही चेहरा चारचौघांसारखाच राहतो. बहुसंख्य बाधित मुले दिसावयास अशीच असतात. रक्ताची अशी कोणतीही तपासणी नाही की जिच्यावरून निदान व्हावे. चेहऱ्याच्या तिन्ही खुणा नसतील, तर आईने गरोदरपणी मद्य घेतल्याची खात्रीलायक माहिती असल्याखेरीज डॉक्टर ठाम निदान करीत नाहीत.

आमच्या मुलाच्या बाबतीत हेच झाले. त्याची श्रवणशक्ती तपासली, दृष्टी तपासली, थायरॉइडची तपासणी झाली, मेंदूचा आलेख काढला. हे सर्व आधी करणे आवश्यकच असते, कारण कानाने कमी ऐकणारे मूलही वर्गात मठ्ठ ठरते, आणि आयोडीनची कमतरता, कमी वजनाचा जन्म, आईचा रक्तक्षय, पहिल्या वर्षातील उपासमार या सर्वांचे परिणाम वरवर एकमेकांसारखे दिसतात. आपल्या डहाणू-तलासरी भागात तर ही कारणे एकाच घरात एकत्र नांदतात. अखेर डॉक्टरांनी 'मद्यबाधेची शक्यता' असे लिहून दिले. त्यापुढे ते जाऊ शकत नव्हते. त्यांनी प्रामाणिकपणे तसे सांगितले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आता माझा मुख्य मुद्दा मांडते. ही 'शक्यता' कधीच सिद्ध होणार नाही. ज्या स्त्रीला विचारावयाचे ती कोठे आहे, आहे की नाही, हे कोणास ठाऊक नाही. मग सिद्ध होईपर्यंत थांबावयाचे काय? माझे मत असे की, मुलाला जे साहाय्य द्यावयाचे त्यासाठी सिद्धता लागत नाही. मूल वागते कसे, त्याला काय जमते आणि काय जमत नाही, हे डोळ्यांपुढे असते. शक्यता लक्षात घेऊन घर आणि शाळा यांची मांडणी बदलली आणि निदान चुकीचे निघाले, तर कोणाचे नुकसान होत नाही. उलट बाधा खरी असून आपण तिला हट्ट, आळस किंवा लबाडी समजून छडी उगारली, तर ते नुकसान भरून येत नाही.

त्याला काय जमत नाही ते सांगते. पाच-सहा वर्षांचा असताना त्यास 'हंडा खाली ठेव, पाय धू आणि जेवायला बस' असे सांगितले, तर तो हंडा ठेवी आणि तेथेच उभा राही. तिन्ही गोष्टी त्याला येत होत्या. एका दमात सांगितलेल्या तीन गोष्टी मात्र त्याच्या डोक्यात एकामागून एक टिकत नसत. सकाळी चारचा पाढा खडाखडा म्हणणारा मुलगा दुपारी 'चारचा कोणता?' असे विचारी, आणि परवा पुन्हा तो पाढा बिनचूक येई. शिक्षकांना यात खोडी दिसते. काल आले ते आज का येत नाही, हा प्रश्न मी स्वतः शिक्षिका असल्यामुळे जाणते. वास्तविक या मुलांची स्मरणशक्ती अशीच विस्कळीत असते. साठविलेले असते, पण हवे तेव्हा हाती लागत नाही.

दुसरी गोष्ट 'खोटे बोलण्याची'. एकदा वाडीतला कोयता हरवला. विचारल्यावर म्हणाला, शेजारच्या कुत्र्याने नेला. संध्याकाळी म्हणाला, विहिरीपाशी राहिला. दुसऱ्या दिवशी तो चिकूच्या झाडाखाली सापडला. त्याला काहीही लपवावयाचे नव्हते. आठवणीत जेथे भगदाड होते तेथे त्याने सुचेल ती गोष्ट बसविली, आणि बसविल्यावर ती त्याला खरीच वाटली. अशा मुलाला 'असे का केलेस?' हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. तो उत्तर देईल, आणि आपण त्या उत्तरावरून त्याला शिक्षा करू.

शिक्षेविषयीही असेच. कृत्य आणि त्याचा परिणाम यांची सांगड या मुलांच्या मनात सहजी बसत नाही. सोमवारी केलेल्या चुकीबद्दल बुधवारी खेळ बंद केला, तर त्याच्या लेखी बुधवारी विनाकारण खेळ बंद झालेला असतो. तो चिडतो, आपण म्हणतो उर्मट झाला.

बोलण्यात मात्र ही मुले चटपटीत असतात, आणि त्यामुळेच मोठी फसगत होते. बाराव्या वर्षी बोलणे बाराचे, समज सातआठची. कोणीही गोड बोलले की त्याच्यामागे जाणे, पैशांचा आणि वेळेचा हिशेब न लागणे, समुद्राला भरती कधी येते हे शंभरदा सांगूनही किनाऱ्यावर तसेच खेळत राहणे, या गोष्टी घरच्यांची झोप उडवितात. यास उपाय एकच: वय विसरून समजेच्या मानाने सोबत आणि देखरेख द्यावी. शेजारी म्हणतात, 'एवढा मोठा झाला, अजून हात धरून नेता?' होय, नेतो.

घरी आम्ही काय केले ते थोडक्यात सांगते, कारण ते कोणत्याही झोपडीत करता येण्यासारखे आहे. दिवसाचा क्रम ठरविला आणि तो मोडू दिला नाही. सूचना एकेक दिली, प्रत्येक वेळी त्याच शब्दांत. माझे यजमान 'अंघोळ' म्हणत आणि मी 'न्हाऊन घे', तर त्याला ती दोन कामे वाटत. आम्ही शब्द एक केला. आमच्याकडे कामास येणाऱ्या वारली बाईंनी भिंतीवर गेरू सारवून तांदळाच्या पिठाने त्याचा दिवस काढून दिला: उठणारा मुलगा, विहीर, ताट, शाळा, शेळी, दिवा. चित्राकडे बोट दाखविले की पुढचे काम त्याला कळे. परदेशांतील पुस्तके चित्रमय वेळापत्रकाची शिफारस करतात. आपल्या भागात ते काढणारे हात घरोघरी आहेत. गलबल्याचा त्याला त्रास होतो, म्हणून लग्नातला बँड सुरू झाला की आम्ही निमूटपणे त्याला घेऊन बाहेर पडतो. लोक नावे ठेवतात, ठेवोत.

आता शाळेकडे वळू. या बाबतीत आपल्याला दूर पाहण्याचे कारण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. पाड्यावरील मूल शाळेत येत नाही असे दिसल्यावर त्यांनी शाळा पाड्याच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात भरविली. दगड, पाने, शिंपले, बिया ही साधने झाली. मुलाला शाळेच्या साच्यात बसविण्यापेक्षा शाळेचा साचा मुलाप्रमाणे बदलावा, हा विचार या तालुक्यात पाऊणशे वर्षे जुना आहे. मद्यबाधित मुलासाठी आजचे तज्ज्ञ जे सांगतात ते याहून वेगळे नाही. पहिल्या रांगेत, खिडकी-दरवाजापासून दूर, शांत सोबत्याशेजारी बसवावे. तोंडी हिशेबापेक्षा हाताळता येणारे चिंचोके द्यावेत. आलेला धडा पुन्हा पुन्हा घ्यावा, आणि विसरला तर पहिल्यांदाच शिकवीत असल्याप्रमाणे शिकवावा. शेकडो मुलांच्या आश्रमशाळेत हे कठीण आहे हे मी जाणते. तेथे निदान एवढे करता येईल की, अशा मुलासाठी एक ठरावीक शिक्षक आणि एक ठरावीक सोबती असावा. रोज नव्या माणसाने नवी आज्ञा देऊ नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. वाढीतील विलंब शोधणे हे त्यांच्या कामातच आहे. ज्या मुलाविषयी शंका आहे त्याची निरीक्षणे शिक्षकांनी आधीच लिहून ठेवावीत. 'मंद' किंवा 'खोडकर' असा शेरा डॉक्टरांच्या उपयोगी पडत नाही. काय सांगितले, काय केले, किती वेळाने विसरला, हे उपयोगी पडते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये एकवीस प्रकार आहेत. त्यांत मद्यबाधा स्वतंत्रपणे नमूद नाही. परंतु बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता यांपैकी जे तपासणीत आढळेल त्याचे प्रमाणपत्र मिळू शकते. कारणाच्या नावावाचून मुलाचा हक्क अडत नाही.

लवकर ओळखण्याने काय होते, याविषयी सिएटल येथील ॲन स्ट्रेसगथ यांच्या चमूने ४१५ बाधित व्यक्तींचा अभ्यास केला. शाळा सुटणे, कायद्याशी संघर्ष, व्यसन अशा आपत्ती त्यांच्यात पुष्कळ आढळल्या. परंतु ज्यांचे निदान लहानपणी झाले आणि ज्यांना स्थिर, चांगले घर मिळाले, त्यांची अशा आपत्तींतून सुटण्याची शक्यता दुपटीपासून चौपटीपर्यंत अधिक होती. दत्तक आईबाप मेंदूची झालेली इजा पुसू शकत नाहीत. हे दुसरे मात्र त्यांच्या हाती आहे.

आता दारूविषयी. येथे बोलताना जिभेवर ताबा ठेवावा लागतो, कारण 'आदिवासी पितात' असे म्हणून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. मद्यबाधा जात पाहत नाही. शहरातील मेजवानीतील पेला आणि पाड्यावरील ताडीचा मोगा यांतील मद्यार्क एकच. आपल्याकडे पेरणी, लग्न, मर्तिक या प्रसंगी ताडी आणि मोहाची दारू पूर्वापार असते, आणि तीत स्त्रियाही सहभागी होतात. त्यात कोणाच्याही मनात पाप नसते. दिवस गेल्याचे बाईला कळते तेच मुळी दुसऱ्या महिन्यात. तोवर एखादे लग्न होऊन गेलेले असते. दक्षिण आफ्रिकेतील द्राक्षमळ्यांवर मजुरीचा काही भाग दारूच्या रूपाने देण्याची पद्धत दीर्घकाळ होती. ती बंद झाली, तरी त्या देशातील मद्यबाधेचे प्रमाण जगात सर्वाधिकांत गणले जाते. त्या मळ्यांवरील आयांना दोष देऊन काय साधणार?

मला आमच्या मुलाच्या जन्मदात्रीविषयी कधी राग आला नाही. ती पीत होती की नाही, हेही मला ठाऊक नाही. तो विचारतो तेव्हा आम्ही सांगतो की, तुला जन्म देणारी आई होती, तिच्याजवळ तुला वाढविण्याची सोय नव्हती, आणि तुझ्या डोक्याला आठवणी सांभाळायला थोडी जास्त मदत लागते. एवढे त्याला पुरते.

उपाय मात्र आपल्या हाती आहेत. अनुसूचित क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांसाठी २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना चालू आहे; त्या अंगणवाडीत जेवावयास येतात. सेविकेला यापेक्षा चांगली संधी कोणती? 'तू पितेस काय?' असे चारचौघींत विचारले तर कोणीही नाही म्हणेल. 'दिवस गेल्याचे कळण्याआधी कोठे लग्नाला गेली होतीस का?' असे एकटीला, जेवण झाल्यावर विचारावे. जी प्यायली असेल तिला भय घालू नये. आजपासून थांबलीस तरी लाभ आहे, हे सांगावे, आणि ते खरेही आहे. नवऱ्यालाही सांगावे. तो रोज पिणारा असता घरात बाईने एकटीने थांबावे ही अपेक्षा अन्यायाची आहे.

ग्रामपंचायत सदस्यांस एक स्मरण करून देते. डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, आणि १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी अथवा नियंत्रण आणण्याचा अधिकार दिलेला आहे. तलासरीच्या एका अंगाला दारूबंदी असलेला गुजरात आणि दुसऱ्या अंगाला खुली विक्री असलेले दादरा व नगर हवेली आहे. त्यामुळे एका गावच्या ठरावाने सर्व थांबेल असे मी म्हणत नाही. परंतु ज्या ग्रामसभेत बाया बोलतात तेथे गरोदर बाईला प्यावयाचा आग्रह करू नये, एवढा संकेत तरी बसविता येईल. कायद्याहून संकेत पाड्यावर लवकर चालतो.

अधिकारीवर्गाकडे माझे एक विशेष मागणे आहे. स्त्री आपले मूल बालकल्याण समितीपुढे स्वाधीन करते, तेव्हा फेरविचारासाठी तिला साठ दिवसांची मुदत असते. मुलाच्या गर्भकाळाविषयी विचारता येण्याचा तो शेवटचा काळ. त्या दिवसांत एखाद्या परिचारिकेने तिच्याजवळ बसून, दोषारोप न करता, गरोदरपणी काय खाल्ले, काय प्यायले, कोणते औषध घेतले, हे विचारून मुलाच्या वैद्यकीय अहवालात लिहावे. मूल उचलून आणणाऱ्यांनाही असेच विचारावे. काही जण म्हणतात की, असे लिहिले तर मूल कोणी दत्तक घेणार नाही. माझा अनुभव निराळा आहे. ज्या आईबापांना आधी कळते ते तयारीने येतात, किंवा प्रामाणिकपणे नाही म्हणतात. ज्यांना आठव्या वर्षी कळते त्यांच्या घरात तोवर बरेच काही बिघडून गेलेले असते. दत्तकानंतरची नियमित विचारपूस दोन वर्षेच होते. तान्हे मूल घेतलेल्या कुटुंबाची ती मूल बोबडे बोलत असतानाच संपते, आणि ही बाधा तर अंकगणित सुरू झाल्यावर डोके वर काढते. म्हणून मूल सहा आणि दहा वर्षांचे असताना आणखी एकेक भेट व्हावी, अशी माझी सूचना आहे.

आपल्या भागात बरीचशी दत्तके कागदावाचून होतात. भावाचे, बहिणीचे मूल वाढविले जाते. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम १९५६ अनुसूचित जमातींना सर्वसाधारणपणे लागू होत नाही, त्यामुळे हे रूढीने चालते. बाल न्याय अधिनियम २०१५ खाली नातेवाइकांतील दत्तकाचीही कायदेशीर सोय आहे, तिचा लाभ घेतल्यास वारसा व दाखले यांचा पुढचा घोळ टळतो. अशा मुलाचा अहवाल कोठेच नसतो, हे खरे. परंतु त्याच्या गर्भकाळाची माहिती पाड्यावरच असते. आत्याला ठाऊक असते, सुईणीला ठाऊक असते. जे आम्हांला कोणत्याही किमतीस मिळाले नाही, ते तेथे एका प्रश्नावर मिळते.

आमचा मुलगा आता रोपवाटिकेत रायणीच्या खुंटावर चिकूची कलमे बांधतो. तोच क्रम, तीच पट्टी, तोच हात. दिवसभरात त्याची चूक क्वचित होते. मजुरीचे पैसे मात्र त्याला मोजता येत नाहीत, आणि कोणी मागितले तर तो देऊन टाकतो. अठरा वर्षांचा झाल्यावर त्याच्या वतीने व्यवहार कोणी पाहावयाचे, हा प्रश्न आमच्यासमोर आहे. ज्यांचे बौद्धिक दिव्यांगत्व प्रमाणित झाले आहे त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ अन्वये पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. सभा संपल्यावर ज्यांना हवे असेल त्यांनी थांबावे. अर्जाबरोबर कोणती कागदपत्रे जोडावयाची, ती मी लिहून आणली आहेत.